लेकराच्या हाती फोन
(नागपुरातील प्रौढ साक्षरता वर्गात पालकांपुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर नवा धडा नाही. वह्या बाजूला ठेवा. आज आपण लेकरांविषयी बोलू. पहिलीपासून पाचवीपर्यंत शिकणारी जी पोरं तुमच्या घरात आहेत, त्यांच्या हातातल्या फोनविषयी बोलू.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. मागे याच वर्गात आम्ही विचारलं होतं, घरी फोन कोणाकोणाकडे आहे? सगळे हात वर झाले. मग विचारलं, त्यातलं सगळं कोणाला समजतं? एक ताई म्हणाल्या, "माह्या पोट्ट्याले सारं येते जी. मले कोणाले फोन लावाचा असला त् त्यालेच हाक माराव लागते." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटेत आमचं त्यावरच बोलणं चाललं होतं. रस्ता कसा ओलांडायचा, विहिरीत डोकवायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, हे सगळं लेकरू आपल्याकडून शिकतं. फोनचं मात्र उलटं झालं आहे. आपण लेकराला विचारतो. मग आईबापांना वाटतं, आपल्यालाच यातलं काही कळत नाही, तर आपण काय शिकवणार? लेकरू हुशार आहे, ते बघून घेईल.

मंडळी, हा समज आज आम्हाला मोडायचा आहे. लेकराला बटणं कळतात. माणसं कळत नाहीत. माणसं तुम्हाला कळतात. बाजारात गोड बोलून गळ्यात पडणारा माणूस तुम्ही दुरून ओळखता. फुकट देतो म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोनमधला धोका ओळखायला हेच ज्ञान लागतं.

फोन आपल्या घरात शिरला कसा, ते आठवा. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. गुरुजी फोनवर शिकवू लागले. कोणी उसनवारी केली, कोणी हप्त्यावर घेतला, पण लेकराचा अभ्यास बुडू नये म्हणून फोन आणला. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र लेकराच्या हातीच राहिला. आता शाळेची सूचना फोनवर येते, गृहपाठही कधी कधी फोनवर येतो. म्हणून फोन फेकून द्या, असं आम्ही सांगणार नाही. तसं सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि तुमचं बरोबरच असेल.

आता एक दाखला घेऊ. आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला तिथे लाखो माणसं येतात. तुमच्यापैकी पुष्कळजण लेकरांना घेऊन जातात. निघताना आई लेकराला काय सांगते? हात सोडू नको. कोणी बोलावलं तर जाऊ नको. आणि हात सुटलाच, तर रडत पळत सुटू नको, आहेस तिथे उभा राहा आणि पोलिसाला नाही तर तिथल्या स्वयंसेवकाला सांग. खिशात फोन नंबरची चिठ्ठीही ठेवते. आणि लेकरू खरंच हरवलं, दोन तासांनी सापडलं, तर आई त्याला मारते का? आधी पोटाशी धरते.

फोनमध्ये तशीच गर्दी आहे. फरक इतकाच, की ती गर्दी घरातल्या खाटेवर बसून भेटते, म्हणून आपल्याला दिसत नाही. लेकरू डोळ्यांसमोर असतं. आपण म्हणतो, घरातच तर आहे. पण त्याच वेळी त्याच्याशी कोण बोलत आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

कोण बोलतं, ते सांगतो. फोनवरच्या पुष्कळ खेळांत एका वेळी अनेक माणसं खेळतात. खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं, लिहिता येतं. समोरचा म्हणतो, मी पण चौथीत आहे. तो चौथीत असेल, नाहीतर चाळीस वर्षांचाही असेल. चेहरा दिसत नाही. चित्र दिसतं, तेही त्यानेच निवडलेलं. आता तर यंत्राने खोटा चेहरा आणि खोटा आवाजही बनवता येतो.

वाईट मनाचा माणूस पहिल्याच दिवशी वाईट बोलत नाही, हे नीट ध्यानात ठेवा. तो आधी कौतुक करतो. तू किती छान खेळतोस. मग बक्षीस देतो. खेळातली नाणी देतो, खेळातल्या गड्याला नवा पोशाख घेऊन देतो. मग लेकराची गाऱ्हाणी ऐकतो. आई रागावली? बाबा ओरडले? मी आहे ना. कधी दोन-चार दिवस, कधी दोन-चार महिने हे चालतं. मग एक दिवस तो म्हणतो, हे आपल्या दोघांतच ठेव, आईला सांगू नको. इथे खरी गोष्ट सुरू होते. पुढे तो फोटो मागतो. आधी साधा, मग कपड्यांशिवायचा. आणि एकदा तो फोटो हाती लागला, की गोड बोलणं संपतं. अजून फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्यांना दाखवीन, तुझ्या शाळेत पाठवीन, असं धमकावतो. लेकरू जेवत नाही, रात्री दचकून उठतं, शाळेत जायला नाही म्हणतं. आपण म्हणतो, नजर लागली.

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून दारोदार जातात. लोक बोजारा देतात. देणारा कोण, हे आपल्याला ठाऊक असतं. दिवसाउजेडी, दारात उभं राहून, सगळ्यांदेखत तो देतो. आणि बदल्यात काही मागत नाही. हीच गोष्ट लेकराला समजावून सांगा. जो सगळ्यांदेखत देतो, तो बोजारा. जो लपवून देतो आणि लपवायला सांगतो, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि घरी येऊन सांगायचं.

गुपिताचंही तसंच आहे. लेकराला म्हणावं, बाबांसाठी दिवाळीला सदरा आणला आहे, आत्ता सांगू नको, हे गुपित चांगलं आहे. दिवाळी आली की ते उघडं होतं आणि सगळे हसतात. जे गुपित कधीच सांगायचं नाही असं कोणी म्हणतो, ज्याने पोटात गोळा येतो, ते गुपित ठेवायचं नसतं. कोणाचंही असो. ओळखीच्या काकाचं असलं तरी. हा शेवटचा शब्द आम्ही मुद्दाम बोललो. त्रास देणारा दर वेळी परकाच असतो, असं नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. लेकरू सांगेल का?

समजा, चौथीतल्या एका पोरीने खेळातल्या 'मैत्रिणी'ला आपला फोटो पाठवला. आता ती घाबरली आहे. आईला सांगावं असं तिला वाटतं. पण तिला आठवतं, मागे एकदा फोन हातातून पडून काच फुटली होती, तेव्हा दोन थपडा बसल्या होत्या. एकदा खेळ लपून उतरवून घेतला, तर आठ दिवस फोन बंद झाला होता. ती गप्प बसते. त्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. तो तिला म्हणतोच, आईला सांगितलंस तर आई तुलाच मारेल. त्याचं हे बोलणं खोटं ठरवणं आपल्या हातात आहे. आणि ते आज, काही घडायच्या आधी करायचं आहे. लेकराला जवळ बसवा आणि सांगा, फोनवर काही वाईट दिसलं, कोणी भीती घातली, तुझ्या हातून काही चुकलं, तरी मला सांग. मी मारणार नाही. फोनही हिसकावून घेणार नाही. आपण मिळून बघू. एकदा सांगून भागत नाही. महिन्या-पंधरा दिवसांनी पुन्हा सांगावं लागतं. आणि लेकरू खरंच काही सांगू लागलं, की तोंडातून 'अगं मेले' निघायच्या आत जीभ आवरावी लागते. हे कठीण आहे. आमच्यातही पोरांचे आईबाप आहेत, आम्हाला ठाऊक आहे.

काही घडलंच, तर काय करायचं? समोरच्याला उत्तर द्यायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत. पैसे दिले की तो पुन्हा मागतो. आणि रागाच्या भरात निरोप पुसून टाकायचे नाहीत. तो पुरावा आहे. चोराच्या पावलांचे ठसे आपण झाडून काढतो का? तसंच हे. मग १०९८ या नंबरावर फोन करा. ही मुलांसाठीची मदत आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालते, आणि लेकरू स्वतःही फोन करू शकतं. पोलिसांकडेही जाता येतं.

पोलीस म्हटलं की तुमच्या कपाळावर आठ्या पडतात. पोरीची बदनामी होईल, चौकीवर बसवून ठेवतील, अशी भीती वाटते. म्हणून कायदा काय म्हणतो, ते ऐका. लेकरांवरच्या अशा अत्याचारांसाठी २०१२ चा एक कायदा आहे. लोक त्याला पोक्सो म्हणतात. त्यात लिहिलं आहे, की लेकराचं म्हणणं त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी लिहून घ्यायचं, शक्यतो बाई अधिकाऱ्याने घ्यायचं, आणि त्या वेळी पोलिसाने वर्दी घालायची नाही. लेकराला रात्री चौकीवर ठेवता येत नाही. त्याचं नाव, पत्ता, शाळा वर्तमानपत्रात छापायला मनाई आहे. हे तुमचे हक्क आहेत. कोणी अडवलं, तर तोंडाने सांगता आले पाहिजेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पुष्कळ घरांत पैसे पाठवायचे असले, की आई लेकराला म्हणते, तूच आकडे दाब. म्हणजे घराच्या तिजोरीची किल्ली दुसरीतल्या पोराकडे. भाऊ, आता तुम्ही आकडे शिकला आहात. चार नाहीतर सहा आकड्यांचा तो पिन असतो, तो स्वतः दाबा आणि कोणाला सांगू नका, लेकरालाही नाही. आणि लेकराला एवढं शिकवा, की पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, की समजायचं, पैसे जाणार आहेत. बक्षीस लागलं आहे, पिन टाका, असं कोणी म्हटलं, तर तो ठग. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा. उद्या करू म्हणू नका. रक्कम ठगाच्या खात्यातून पुढे जायच्या आत अडवता आली, तर आली.

आता आपल्या स्वतःच्या वागण्याबद्दल. जून महिन्यात शाळेत जायला निघालेल्या पोराचा नवा गणवेश घातलेला फोटो आपण काढतो. छातीवर शाळेचं नाव, गळ्यात ओळखपत्र, मागे घराची पाटी. तो आपण स्टेटसला लावतो. कौतुक असतं, आम्ही समजू शकतो. पण आपल्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत, त्या सगळ्यांना तो दिसतो. गॅसवाला, गाडीवाला, एकदाच भेटलेला दलाल. परक्या माणसाने शाळेच्या दारात पोराला नावाने हाक मारावी, इतकी माहिती त्या एका फोटोत असते. फोटो आजीला पाठवा. पण शाळेचं नाव दिसेल असा चारचौघांत लावू नका. आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवा. आईने बोलावलं आहे, असं सांगत कोणी आला, किंवा फोनवर आईसारखा आवाज आला, तर लेकराने तो शब्द विचारायचा. शब्द सांगता आला नाही, तर जायचं नाही. 'सांबारवडी' ठेवा, 'संत्रं' ठेवा, पोरांना हे फार आवडतं.

एक जुनी गोष्ट सांगायची आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजारात पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ती भटक्या जमातीची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. त्या दिवसांत फोनवर खोटे निरोप फिरत होते, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. लोकांनी निरोप खरा मानला. त्यातल्या कोणीही मूल पळवलं नव्हतं. निरोप पुढे पाठवणाऱ्यांना वाटलं असेल, आपण लेकरांचं रक्षण करत आहोत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने निरोप पुढे ढकलण्यावर आपल्या देशात मर्यादा घातली, आणि ढकलत आलेल्या निरोपावर तशी बारीक अक्षरांत खूण दिसू लागली. ती खूण आता तुम्हाला वाचता येते. निरोप आला, की लेकराला जवळ घ्या आणि त्यालाच विचारा, हे कोणी लिहिलं? त्याने स्वतः पाहिलं का? कोणत्या गावचं, कोणत्या दिवशीचं? उत्तर नसेल, तर निरोप आपल्यापाशी थांबवायचा. दुसरीतल्या पोराला हे विचारायला फार आवडतं. काही दिवसांनी ते तुम्हालाच विचारील. तेव्हा रागावू नका.

आपलं लेकरूही कोणाला त्रास देऊ शकतं, बरं का. वर्गातल्या पोराच्या फोटोला गाढवाचे कान लावायचे आणि सगळ्यांना पाठवायचा. आधी हे वर्गात व्हायचं, घंटा झाली की संपायचं. आता घरीही संपत नाही. ज्याची थट्टा होते, त्याला रात्री अंथरुणातही ती दिसते. तुझा असा फोटो कोणी फिरवला तर, एवढंच पोराला विचारून पाहा.

किती वेळ फोन द्यावा, असं तुम्ही नेहमी विचारता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालच्या लेकराला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांच्या लेकराला दिवसाला फार तर एक तास, आणि पाच ते दहा वर्षांच्याला दोन तासांहून कमी. त्यात टीव्हीही आला. भात भरवताना हातात फोन देणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं.

याबाबत दोन गावांनी काय केलं, ते सांगतो. आपल्या विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने २०२२ मध्ये ठराव केला, की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी रीत काढली. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलं अभ्यासाला बसतात. दोन्ही गावांना काळजी एकच होती. पण आम्हाला विचाराल, तर वडगावची रीत अधिक पटते. तिथे मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. लेकराला मनाई आणि आईबापांना मोकळीक असली, की लेकरू शेजारच्या घरी जाऊन बघतं, आणि तिथे काय बघतं ते आपल्याला कळतही नाही.

आता आपल्या वस्तीत भोंगा कोण वाजवणार? कुठे आठ वाजता बाप कामावरून येतो, कुठे आई चार घरची भांडी घासून नऊला येते. म्हणून प्रत्येक घराने आपली वेळ ठरवावी. निदान जेवताना फोन नको आणि अंथरुणात नको. रात्री घरातले सगळे फोन स्वयंपाकाच्या ओट्याजवळ चार्जिंगला लावा. तुमचाही. आणि खेळायला द्यायचा, तो चारचौघांत बसून, आवाज मोठा ठेवून. कानात बोळे घालून कोपऱ्यात नको. जमलं तर आठवड्यातून एकदा लेकराशेजारी बसा आणि म्हणा, मला शिकव हा खेळ. त्याला गुरुजी व्हायला मिळेल. तुम्हाला खेळातले गडी कोण आहेत ते दिसेल.

केंद्र सरकारचा 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून २०२७ पर्यंतचा आहे. त्यात अक्षर आणि आकडे यांच्याबरोबर फोन-संगणकाचं ज्ञानही धरलं आहे. म्हणून आजचं बोलणं अभ्यासाबाहेरचं नव्हे.

तर आता वह्या उघडा. दोन आकडे लिहायचे आहेत. १०९८, मुलांच्या मदतीसाठी. १९३०, पैसे गेले तर. मोठ्या अक्षरांत लिहा. घरी गेल्यावर खडूने स्वयंपाकघराच्या दारामागे लिहा, लेकराच्या उंचीवर. ज्यांचा आठ अजून उलटा पडतो, त्यांनी इथेच फळ्यावर दोनदा गिरवून घ्या. पुढच्या बुधवारी पोरांनाही घेऊन या. येताना एका घरातून एकच फोन आणा, आणि तो लेकराच्या नव्हे, तुमच्या हातात असू द्या.